दोन चिमटे आणि मधली जागा

छपाईच्या कारखान्यात तिला सगळे सांधेवाली म्हणत. नाव ठेवलं होतं मशीनमास्तरांनी, आणि मास्तरांनी एकदा नाव ठेवलं की ते पक्क्या रंगासारखं बसायचं, धुतलं तरी जायचं नाही. चादरींवर, पडद्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर जी फुलंपानं छापतात, ती काढणारे चित्रकार वेगळे. ते आपलं चौकोनभर चित्र काढून मोकळे होत. पुढचं काम हिचं. तो चौकोन कापडावर एकाशेजारी एक, एकाखाली एक असा पुन्हापुन्हा उमटणार. तेव्हा एक चौकोन कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कुणाच्या बापाला कळता कामा नये अशा त्याच्या कडा जुळवून द्यायच्या.

पद्धत सोपी, पण काळीज घट्ट लागतं. चित्र मधोमध कापायचं. उजवा अर्धा डावीकडे ठेवायचा, डावा उजवीकडे. मग बाहेरच्या कडा मधे येतात आणि त्यांच्यामधली उघडी फट दिसते. ती नवी पानं, देठ, कळ्या काढून बुजवायची. नव्याने लागलेल्या मुली दुसऱ्याच्या चित्राला कात्री लावताना कचरत. ही पहिल्या दिवशीही कचरली नव्हती. अर्धं इकडून गेलं की अर्धं तिकडून आलंच पाहिजे, हा पहिला कायदा. दुसरा कायदा रिकाम्या जागेचा. चौकोनात कुठे पोकळी राहिली तर टेबलावर ती डोळ्यांत भरत नाही. पण कापड छापून पसरलं की त्या पोकळ्या एकाखाली एक येतात आणि चादरभर पांढरा रस्ता पडतो. मग गिऱ्हाईक फुलं बघत नाही, रस्ता बघतं. म्हणून पोकळी दिसली की भर. कळी टाक, टिंब टाक, काहीच सुचलं नाही तर गवताची दोन पाती टाक.

अशी कामं आधी हातात मुरतात आणि मग हातातून हळूच डोक्यात चढतात. बसमध्ये बसली तरी ती समोरच्या सीटच्या कापडाचा सांधा शोधायची आणि तो सापडला की मनातल्या मनात चुकचुकायची. ताट वाढताना मधे जागा राहिली तर तिला चैन पडायचं नाही. आणि बोलताबोलता समोरचं माणूस गप्प झालं, की तिच्या तोंडून आपसूक काहीतरी निघायचंच. अगदी "आज उकडतंय ना" एवढंसुद्धा चालायचं. गवताची दोन पाती.

तिचा नवरा वायरमन. लांबच्या एका शहरात उंचउंच इमारती उभ्या राहत होत्या, त्यांत तारा ओढायला तो गेला तेव्हा त्यांची पिटुकली रांगत होती. आता ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उडी मारून "बघ, बघ" करायची. "थोड्याच महिन्यांचं काम आहे," असं तो म्हणाला होता, आणि खोटं बोलला नव्हता. पण एक इमारत झाली की तिच्या शेजारी दुसरी सुरू व्हायची. सुट्टी ठरायची, रद्द व्हायची, पुन्हा ठरायची. पैसे वेळेवर येत. फोनही दर रविवारी, जेवणं झाल्यावर, न चुकता.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"झालं. पिटुकली काय करतेय?"

"ही काय, खेळतेय. देऊ?"

मग पिटुकली फोनात मोठमोठ्याने श्वास घ्यायची, "बाबा, मी उडी मारली" म्हणायची आणि फोन गादीवर टाकून पळायची. पुन्हा तो, "बाकी?" आणि ती, "बाकी ठीक." त्या "बाकी ठीक"नंतर दर रविवारी त्याच ठिकाणी एक भोक पडायचं. आणि दर रविवारी ती ते बुजवायची. नळाचं पाणी, शेजारच्या काकूंचा गुडघा, कारखान्यातला कुरकुरणारा पंखा. तो पलीकडून "हं, हं" करायचा. मग "बरं, ठेवतो, काळजी घे." छापून काढावा असा फोन. कडा अशा जुळलेल्या, की मागचा रविवार कुठे संपला आणि हा कुठे सुरू झाला ते तिला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे. "कधी येणार?" हे विचारणं तिने केव्हाच सोडलं होतं. त्यानंतर पडणारी पोकळी एवढी मोठी असायची, की तिच्याकडची सगळी पानं घातली तरी भरली नसती.

पिटुकलीला दिवसभर सांभाळायच्या त्या शेजारच्या काकू. बोलायला तिखट, पण पोर त्यांच्याकडे निर्धास्त झोपायची. नवरा त्या शहरात गेला त्याच आठवड्यात काकूंनी तिला दारात गाठून सांगितलं होतं, "दोरीवर पुरुषाचं एखादं काहीतरी असू दे गं. एकट्या बाईचं घर दोरीवरून कळतं. चोरांनाही आणि शेजाऱ्यांनाही."

"शेजारी तर तुम्हीच आहात काकू."

"म्हणूनच सांगते. मला माहीत आहे मी काय काय बघते ते."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी गॅलरीतल्या दोरीवर पिटुकलीचे फ्रॉक, तिचे स्वतःचे कुर्ते, टॉवेल, आणि सगळ्यांत शेवटी त्याचा निळ्या रेघांचा शर्ट. कपाटातून बादलीत, बादलीतून दोरीवर, दोरीवरून पुन्हा कपाटात. अंगात घालायला कुणी नाही, तरी धुणं चुकलं नाही. सुरुवातीला ती काकूंच्या सांगण्यावरून धुवायची. पुढे कशासाठी धुतो हा विचार गळून पडला आणि नुसतं धुणं उरलं.

त्या वर्षी कारखान्यात नवं मशीन आलं. त्याला रूळ नाही, ठसा नाही. संगणकातलं चित्र जसंच्या तसं कापडावर उतरायचं, हवं तेवढं लांब. मास्तर त्याच्याभोवती नवी सून घरात आलेल्या सासूसारखे फिरत. "बोलत नाही, चालत नाही, नुसती सूं सूं करते," म्हणत आणि कुणी बघत नसलं की फडक्याने तिची काच पुसत. आणि सांधा? तो संगणक स्वतःच जुळवायचा. एक बटण दाबलं की झालं.

डिझाइनच्या मॅडमनी तिला आत बोलावलं. मॅडम तिच्याच वयाच्या, सरळ बोलणाऱ्या.

"तुझ्या टेबलाचं काय करायचं ते ठरवायला मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तपासणीत जागा आहे. कापड समोरून सरकत जातं, डाग दिसला की खडूने खूण करायची. पगार तोच. पण मला तू इथे हवी आहेस. म्हणून एक काम देते. मुलांच्या दवाखान्यात बसायची खोली आहे, तिथल्या लांब भिंतीवर कापड ताणून लावायचंय. एकच सलग चित्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही म्हणजे काही पुन्हा यायला नको. पोरं तास तास बसतात तिथे, बघायला नवं नवं हवं. काय काढायचं ते तू ठरव. तुझं स्वतःचं काढ."

"माझं?"

"हो, तुझं. जमलं तर डिझाइनच्या टेबलावर कायमची राहा. नाही जमलं तर खडू आहेच."

घरी जाताना बसमध्ये ती तोच एक शब्द उलटसुलट करत बसली. जगात कुठल्याकुठल्या पलंगांवर, खिडक्यांवर तिने काढलेली पानं पसरलेली असतील, गणती नाही. पण त्यांतलं प्रत्येक पान दुसऱ्याची कड झाकायला काढलेलं. माझं म्हणून एक देठसुद्धा आठवेना.

पिटुकली दुपारी झोपली की ती खिडकीशी कागद पसरायची. समोर दिसायचं काय, तर दोरी. म्हणून तिने दोरीच काढली. लांबच लांब दोरी आणि तिच्यावर कपडे. वाऱ्याने फुगलेले फ्रॉक, उलटा लोंबणारा मोजा, पिळून वेडावाकडा झालेला टॉवेल. रंग छान लागले. सुट्टीच्या दिवशी आणि आजारपणाच्या रजेत बसून तिने ते पुरं केलं, आणि शनिवारी कारखान्यातल्या लांब टेबलावर उलगडलं. मॅडम वाकूनवाकून बघत पुढे सरकल्या. "छान आहे गं. हा मोजा बघ कसा रुसलाय."

मास्तर कागद मशीनकडे न्यायला आले. न्यायचा म्हणजे त्यांच्या सवयीने नळी करून. त्यांनी दोन्ही टोकं उचलून एकमेकांना भिडवली आणि तिथेच थांबले.

"मॅडम, जरा इकडे या."

उजव्या कडेला तिने अर्धा शर्ट काढला होता. निळ्या रेघांचा, एक बाही वाऱ्यावर. आणि डाव्या कडेला, चित्राच्या अगदी सुरुवातीला, दुसरी बाही. ती बाही कधी काढली, का काढली, तिला आठवत नव्हतं. कडा भिडल्या तशी दोरीला दोरी मिळाली, रेघेला रेघ मिळाली, घडीच्या सावलीला सावली मिळाली. अख्खा शर्ट उभा राहिला.

"जित्याची खोड," मास्तर म्हणाले, आणि पुढचं सोडून दिलं. "शिवून दिला हो बाईंनी. बटणांसकट."

आजूबाजूचे हसले. तीही हसली. मग कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी मुद्दाम नाही केलं."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतंस तर मला काळजी वाटली नसती." त्यांनी नळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "पुढच्या शनिवारपर्यंत थांबते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी धुणं. दोरीवर घालण्याआधी शर्ट झटकायचा, हे हाताला सांगावं लागत नसे. तिने झटकला आणि खांद्यापासून खाली चर्र असा आवाज झाला. वापरून विरलेलं कापड कॉलरशी, कोपराशी विरतं. हा तसा नव्हता. हा उन्हाने आणि साबणाने सगळीकडून सारखा खाल्ला होता, धरून बघितला तर पलीकडची भिंत दिसत होती. घामाचा एक डाग नाही आणि शर्ट संपलेला. तिने तो तसाच घडी करून आत नेला. शिवू, असं म्हणाली मनाशी.

दुपारी फोन आला. "जेवलीस?" पासून "बाकी ठीक" पर्यंत सगळं आपापल्या जागी आलं. मग ते भोक पडलं. शर्टाचं सांगावं असं जिभेवर आलं होतं. तिने नळाचं सांगितलं.

पुढचे दोन दिवस कामावरून आल्यावर तिने चित्राशी झटापट केली. कडा जुळू नयेत म्हणून डावीकडे खिडकी काढली, उजवीकडे झाड. पण आतलं काय करायचं? लाल मोजा काढला, की हातभर पुढे जाऊन हात पुन्हा लाल मोजाच मागायचा. दोन टॉवेलांमध्ये जागा राहिली, तिथे चिमणी येऊन बसली. चिमणी खोडली, तर चिमट्यांची पिशवी आली. ती खोडली, तर रुमाल. दोरी इतकी गच्च भरली की वारा जायला वाट राहिली नाही. लांब उभं राहून बघितलं तर काय, चादर. मग हट्टाने तिने डाव्या हातात ब्रश घेतला. डाव्या हाताने वाकडातिकडा का होईना, सांधाच काढला. तेव्हा मात्र ती हात टेकून बसली. तपासणीतल्या बायका आठवल्या. समोरून कापड सरकतंय, सरकतंय, हातात खडू. वाईट काय त्यात, असं तिने स्वतःला विचारलं. मग उठून भांडी घासली.

शर्टही शिवायला घेतला एकदा. फट बुजवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. पण सुई घातली की टाक्याशेजारी नवं भोक पडायचं. दोरा धरायला कापडात जीवच नव्हता. एक फट मिटवताना तीन उघडल्या, तशी तिने सुई काढून घेतली आणि शर्ट कपाटात अगदी खाली ठेवून दिला.

बुधवारी सकाळी पिटुकलीने दूध सांडलं, ते अंगावर, गादीवर, धुतलेल्या फ्रॉकांवर. बसची वेळ झालेली. तिने भराभर दोन फ्रॉक, चादर, टॉवेल खळबळून काढले, दोरीवर टाकले, चिमटे लावले, पोरीला काकूंच्या हवाली केलं आणि धावत सुटली.

संध्याकाळी परतताना तिने रस्त्याच्या पलीकडूनच मान वर केली. आपली दोरी तिथून तपासायची तिची रोजची खोड. फ्रॉक होते, चादर होती, टॉवेल होता. आणि टॉवेलाच्या पुढे दोरीवर दोन चिमटे. खांदाभर अंतरावर, दोन्ही नीट लावलेले. मधे काही नाही. मधून आकाश.

शर्ट उडाला, हे तिच्या मनात आधी आलं. तिने खाली फुटपाथवर बघितलं, गटाराच्या कडेला बघितलं. दोन पावलं पुढे जाऊन झुडपात डोकावली. मग आठवलं. शर्ट कपाटात आहे. चिमटे तिच्या हाताने लावले होते, नसलेल्या शर्टाला.

ती तिथेच उभी राहिली. शेजारून एक माणूस पिशव्या सावरत गेला. दोन शाळकरी मुली एकाच गोष्टीवर पुन्हापुन्हा हसत गेल्या. स्कूटर गेली. वर कुणी बघितलं नाही. ज्या रस्त्याला दिसावं म्हणून ती इतके महिने शर्ट धूत आली होती, त्या रस्त्याला मान वर करायला सवड नव्हती. तिने मात्र बघितलं. फ्रॉकावरून नजर चादरीवर गेली, टॉवेलावर गेली, आणि त्या जागेशी आल्यावर थांबली. तिथे थोडा वेळ राहिली. मग पुढे सरकली, तेव्हा दोरीच्या टोकाचा गंजका खिळासुद्धा नवा वाटला.

पोकळी राहिली की रस्ता पडतो, असं तिच्या हातांना पक्कं ठाऊक होतं. पण रस्ता कधी पडतो? तीच पोकळी पुन्हा छापली, पुन्हा छापली, तर. एकदाच आलेल्या जागेचा रस्ता कसा होईल? इतकी साधी गोष्ट. पण जिच्या हाताखालून आजवर काही एकदाच असं गेलंच नव्हतं, तिला ती कळणार कशी?

"काय गं, काय हरवलं?" काकू वरून.

"काही नाही."

"मग कधी खाली बघतेस, कधी वर बघतेस. एक काय ते ठरव." काकूंनी त्यांच्या गॅलरीतून हिच्या दोरीकडे मान लांबवली. "शर्ट कुठाय?"

"फाटला."

"दुसरा लाव."

"नाही लावणार आता."

काकू गप्प झाल्या. तिच्या जिभेवर लगेच तीन वाक्यं आली, एक गुडघ्याबद्दल, एक दुधाबद्दल, एक उगाचच. तिने एकही सोडलं नाही. रस्त्याच्या या कडेला ती, वर त्या, आणि मधे काही नाही.

"बरं," शेवटी काकू म्हणाल्या, जरा खालच्या आवाजात. "वर ये. पोर वाट बघतेय."

दुसऱ्या दिवशी तिने सरळ दांडी मारली. पिटुकलीला काकूंकडे सोडलं, दार लावलं आणि जमिनीवर नवा कागद पसरला. डावीकडून सुरुवात केली, उजवीकडे काय येईल ते न ठरवता. फ्रॉक आले. रुसलेला मोजा आला, एकदाच. मग ती त्या जागेशी आली. तिने दोन चिमटे काढले, खांदाभर अंतरावर, आणि मधली दोरी तशीच ठेवली, थोडी वर उचललेली, वजन नसलेली.

तिथे हात शिवशिवला. एक चिमणी, नुसती एक चिमणी, असं म्हणाला. तिने ब्रश ठेवला आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसली, लहान मुलं बसतात तशी. घर अगदी शांत होतं. शांत असताना ते किती मोठं होतं हे तिने कधी बघितलं नव्हतं. रेडिओ तरी लावलेला असायचा, नळ तरी सोडलेला असायचा, नाहीतर ती स्वतःशीच बोलत असायची. आता भिंतीवरचं घड्याळ आणि ती. रडू आलं तर येऊ दे म्हणून ती थांबली. आलं थोडं, आणि गेलं.

मग हात मांडीखालून निघाला तो दुसऱ्याच वाटेने. त्या जागेच्या पलीकडे काय असेल हे तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि तिच्या दोरीवर कधी नव्हतं ते तिथे येऊ लागलं. कानाला चिमटा लावून लोंबणारं ओलं अस्वल. खिसे बाहेर काढलेली, चोरी पकडल्यासारखी दिसणारी विजार. उघडीच वाळत घातलेली छत्री. कुणाचा तरी एवढा मोठा पायमोजा की त्यात मांजर झोपलेलं. दोरी आता सरळ राहिली नव्हती, ती उतरत, झोके घेत खाली आली. शेवटी तिचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. गवतावर पडलं होतं नुसतं.

चित्र पुरं झालं तेव्हा दाखवायला कुणी नव्हतं. ती कागदाच्या कडेकडेने स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याउभ्याच जेवली.

शनिवारी मॅडम टेबलाच्या एका टोकापासून निघाल्या. चिमट्यांशी थांबल्या.

"इथे काही राहिलंय का?"

"नाही."

"मुलं विचारतील, इथलं कुठे गेलं म्हणून."

"विचारू देत. बसायचंच आहे त्यांना."

मॅडम पुढे गेल्या. छत्रीशी हसल्या, मांजराशी परत एकदा हसल्या, आणि मागे येऊन पुन्हा त्या जागेशी उभ्या राहिल्या. तोवर मास्तरांना दम कुठला? त्यांनी दोन्ही टोकं उचलून भिडवलीच. इकडे दोरी वर खिळ्याला, तिकडे खाली गवतात. त्यांनी कागद उलटा करून बघितला, वर-खाली सरकवून बघितला.

"नाही जुळत बुवा," ते म्हणाले, आणि त्यांना वाईटच वाटलं असावं. "आता तुला हाक काय मारायची?"

"सोमवारी तुझं टेबल डिझाइनमध्ये, खिडकीशी सरकवून घे," मॅडम तिला म्हणाल्या. "मास्तर, जरा टेबलाला हात लावा."

बसमध्ये तिने समोरच्या सीटकडे बघितलं. सांधा लगेच सापडला. सवय ती सवयच, एका शनिवारात थोडीच जाते. पण आज ती चुकचुकली नाही. कुणीतरी बसून जुळवला असेल, असं तिला वाटलं.

रविवारी दोरीवर फ्रॉक, कुर्ते, टॉवेल. दोन चिमटे तिने पिशवीतच ठेवले. जेवणं झाली आणि फोन आला.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"झालं. पिटुकली काय करतेय?"

पिटुकलीने श्वास घेतला, उडीचं सांगितलं आणि फोन गादीवर टाकला. तिने तो उचलला.

"बाकी?"

बाकी ठीक, हे दातांपर्यंत आलं.

"तुझा निळा शर्ट फाटला," ती म्हणाली.

"कुठला? रेघांचा? तो कसा फाटला? तो तर मी नेलापण नाही."

"धुऊन धुऊन."

"कोण घालतं तो?"

"कुणीच नाही."

"मग धुतेस कशाला?"

याला उत्तर होतं, लांबलचक होतं. काकू, चोर, दोरी, रस्ता. कारखान्यातल्या टेबलाचं सांगायचं होतं, ते तर आठवडाभर पुरलं असतं. तिने काहीच घातलं नाही. पलीकडे पंखा फिरत होता. लांब कुणाचा तरी टीव्ही चालू होता. इतक्या रविवारांत तिने त्याच्या खोलीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"हॅलो? लाईन गेली का?"

"नाही. आहे मी."

पुन्हा पंखा. तो ठेवेल, असं तिला वाटलं. "बरं, ठेवतो" त्याच्या तोंडाशी आलेलं तिला ऐकू आल्यासारखं झालं. तिने डोळे मिटून घेतले, आणि मोकळा हात मांडीखाली दाबला.

त्याने घसा खाकरला.

"इथे ना," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "इथे कपडे वाळत नाहीत गं. खोलीला खिडकी नाही. खुर्चीवर टाकतो रात्री. सकाळी ओलेच घालून जातो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

बाहेर दोरीवर फ्रॉक एका बाजूला सरकले होते. टॉवेलापुढची दोरी मोकळी, हलकी हलत होती. फोन तिने कानाशी घट्ट धरला. पलीकडे तो पुढचं वाक्य शोधत होता, अडखळत, सवय नसल्यासारखा, आणि या वेळी ती त्याच्या आधी पोचणार नव्हती.